विलायती पालकाच्या पाकिटांत देशी पालकाचे बियाणे निघाल्याबाबत तक्रार

दिनांक : 2 डिसेंबर 2024

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग (भाजीपाला बियाणे)

विषय : ‘अर्ली स्मूथ लीफ’ या वाणाच्या नावाने विकलेल्या बियाण्याबाबत तक्रार व नुकसानभरपाईची मागणी.

महोदय,

नाशिकजवळ मखमलाबाद येथे मी लहानशी भाजीपाला रोपवाटिका स्वतः चालवते आणि हिवाळी परसबागांसाठी व गच्चीवरील बागांसाठी लागणारी रोपे प्रोट्रेमध्ये, म्हणजे लहान कप्प्यांच्या ट्रेमध्ये, तयार करून विकते. दिनांक 14 ऑक्टोबर 2024 रोजी आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून मी विलायती पालकाच्या ‘अर्ली स्मूथ लीफ’ वाणाची 50 ग्रॅमची तीन पाकिटे घेतली. तिन्ही पाकिटे एकाच लॉटची असून त्यांवर सत्यतादर्शक लेबल, म्हणजे वाणाची हमी कंपनीने स्वतः दिल्याचे लेबल, आहे. 17 ऑक्टोबरला 98 कप्प्यांच्या 60 ट्रेंमध्ये मी हे बियाणे पेरले. आता माझी खात्री झाली आहे की ते विलायती पालकाचे नसून देशी पालकाचे होते.

‘शेवटी दोन्ही पालकच की हो मॅडम’, असे आपल्या प्रतिनिधींनी मला फोनवर सांगितले, म्हणून हा मुद्दा थोडा सविस्तर लिहिणे भाग आहे. विलायती पालक म्हणजे स्पिनॅशिया ओलेरेसिया, तर आपल्या मंडईत जुडीने मिळणारा देशी पालक म्हणजे बीटा व्हल्गॅरिस, अर्थात बीटाच्या कुळीतला. पहिल्याचे पान पातळ व कोवळे असते आणि ते कच्चे खाता येते. माझी बहुतेक गिऱ्हाइके तो सॅलडसाठीच लावतात. दुसरा उन्हाला काटक असतो आणि त्याच्या अनेक कापण्या मिळतात. तो वाईट आहे असे माझे म्हणणे मुळीच नाही, घरी आम्हीही तोच खातो. परंतु देशी पालकाचे रोप विकत घेऊन कोणी लावत नाही. मूठभर बी वाफ्यात टाकले की तो आपसूक येतो. विलायती पालकाचे बी साधारण 15 ते 20 अंश सेल्सिअस तापमानात चांगले उगवते आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात रुसून बसते. म्हणूनच ट्रे पहिले काही दिवस थंड खोलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवून आणि नंतर शेडनेटखाली वाढवून मी ती रोपे तयार करते, आणि या खटाटोपापोटीच लोक ट्रेमागे 250 रुपये देतात.

पाकीट फोडले तेव्हाच बी खडबडीत आणि ओबडधोबड दिसले. ‘अर्ली स्मूथ लीफ’ हा तर गोल, गुळगुळीत बियांचा वाण आहे. मी त्याच दिवशी आपल्या प्रतिनिधींना विचारले असता, बुरशीनाशकाच्या लेपामुळे तसे दिसते, असे उत्तर मिळाले. पुढे प्रत्येक कप्प्यात एकच बी टोकलेले असूनही निम्म्याहून अधिक कप्प्यांत दोन-दोन, तीन-तीन रोपे वर आली आणि विरळणीसाठी मला दोन बायका दिवसभर लावाव्या लागल्या. त्यावर ‘उगवण जास्त झाली, यात तक्रार कसली?’ असे ऐकून घ्यावे लागले. बीजपत्रेही, म्हणजे उगवताना येणारी पहिली पानेही, विलायती पालकाची असतात तशी लांब आणि चिंचोळी नव्हती, आखूड व रुंदट होती. इतके दिसत असूनही आपल्या माणसाच्या शब्दावर विसंबून मी भाऊबीजेनंतर 41 ट्रे विकले, ही माझी चूक मी नाकारत नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस पाने जाड निघाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा पाकिटात उरलेल्यांपैकी 20 बिया मी ओल्या टिपकागदावर ठेवून पाहिल्या. त्यांपैकी 14 बियांतून प्रत्येकी एकाहून अधिक अंकुर फुटले. देशी पालकाचे जे आपण ‘बी’ म्हणतो ते खरे तर अनेक बियांचे एकत्र चिकटलेले फळ असते, त्यामुळे असे घडते. विलायती पालकाच्या एका बीतून एकच रोप येते. कोणताही लेप एका बीचे तीन अंकुर करू शकत नाही.

विकलेल्या 41 ट्रेंपैकी 34 ट्रेंचे पैसे, म्हणजे 8,500 रुपये, मी गिऱ्हाइकांना परत केले. उरलेल्या सात ट्रेंच्या गिऱ्हाइकांनी रोपे आहेत तशी ठेवून घेतली, त्यांचे मी काही मागत नाही. शिल्लक 19 ट्रेंपैकी आठ ट्रे देशी पालक म्हणून खरे सांगून 120 रुपयांनी गेले, त्यात 1,040 रुपयांची तूट आली, आणि 11 ट्रे, म्हणजे 2,750 रुपयांचा माल, टाकून द्यावा लागला. एकूण नुकसान 12,290 रुपये होते. बियाणे, कोकोपीट आणि मजुरी यांचा खर्च विक्रीच्या किमतीतच धरलेला असल्याने तो मी वेगळा लावलेला नाही.

सत्यतादर्शक बियाण्यावर बीज प्रमाणीकरण यंत्रणेची मोहोर नसते. पाकिटावर लिहिलेल्या वाणाची हमी एकट्या कंपनीची असते. तेव्हा वरील रक्कम मला द्यावी, आपल्याकडे ठेवलेल्या याच लॉटच्या नमुन्याची तपासणी करून निष्कर्ष लेखी कळवावा आणि तोवर या लॉटची विक्री थांबवावी, अशी माझी मागणी आहे. हंगाम अजून सरलेला नाही, आणि हेच पाकीट दुसऱ्या कुणाच्या ट्रेमध्ये जाऊ नये असे मला वाटते. उरलेले सुमारे 30 ग्रॅम बियाणे मूळ पाकिटात बंद करून ठेवले आहे. आपल्या प्रतिनिधींनी माझ्यासमक्ष त्यातून नमुना घ्यावा, संपूर्ण पाकीट मी देणार नाही.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर न आल्यास कृषी विभागाकडे आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे मी तक्रार दाखल करीन. मी रोपे विकते म्हणून ग्राहक ठरत नाही, असा पवित्रा घेण्यापूर्वी, स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी केलेली खरेदी या कायद्याने ‘व्यापारी प्रयोजन’ मानलेली नाही, हे कृपया पाहावे.

आपली विश्वासू,
रोपवाटिकाधारक, मखमलाबाद, नाशिक

सोबत : खरेदीची पावती, तिन्ही पाकिटांच्या लेबलांच्या प्रती, ट्रेंची व टिपकागदावरील अंकुरांची छायाचित्रे, परत केलेल्या रकमांचा तपशील.