पाण्याचा वार

सोलापूर,
गुढीपाडव्याचा दुसरा दिवस

तीर्थरूप आई आणि बाबा यांस साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला नीट देता आले नाही. दुकानात गिऱ्हाइके उभी होती आणि अशा घाईत उत्तर दिले असते तर ते उद्धट वाटले असते. "तीस वर्षे आपल्या प्लंबिंगच्या धंद्याला जाहिरात लागली नाही, मग आता ती कशासाठी? आणि एकीकडे जाहिरात करून दुसरीकडे दारात आलेले काम परत पाठवतेस, ते का?" असे तुम्ही विचारलेत, बाबा. तुमच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती, हे मला कळले. म्हणून सविस्तर लिहिते. आई, तूही हे पूर्ण वाच, कारण पत्राचा शेवटचा भाग तुझ्यासाठी आहे.

फेब्रुवारीत घडलेली एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती. जुळे सोलापुरातल्या एका बाईंच्या हौदात पाणी नीट पडत नव्हते. रस्त्यापासून हौदापर्यंतच्या पाईपमध्ये कुठेतरी गळती असावी, असा अंदाज होता. मी त्यांना मंगळवार दिला. त्या दिवशी आपला कामावरचा मुलगा विजापूर रोडच्या एका कामात अडकला आणि संध्याकाळी चार वाजता त्यांच्याकडे पोहोचला. तोपर्यंत पाणी येऊन गेले होते. पाईप कोरडा असल्यामुळे गळती कुठे आहे ते दिसेना. नळाला पाणी येण्याची पुढची पाळी चार दिवसांनी होती, आणि त्या चार दिवसांत त्या घराला टँकर मागवावा लागला. बाईंनी गुगलवर आपल्या नावापुढे एकच तारा दिला आणि खाली लिहिले, "माणूस आला, पण पाणी गेल्यावर आला."

त्यात एकही शब्द खोटा किंवा वाढवलेला नव्हता. पुढच्या पाळीला मी स्वतः पहाटे साडेपाचला त्यांच्या हौदाजवळ जाऊन बसले. पाणी सुटल्याबरोबर ओल कुठून वर येते ते पाहिले, तिथे खणले आणि जुन्या लोखंडी पाईपचा गंजलेला तुकडा काढून नवा जोड दिला. मजुरी घेतली नाही. गुगलवर त्यांच्या शेऱ्याखाली चूक आमची होती, काम अमुक दिवशी पूर्ण केले, एवढेच लिहिले. तो शेरा काढून टाका असे मी त्यांना म्हटले नाही. तो अजून तिथे आहे आणि राहू द्यावा असे मला वाटते.

त्या रात्री मी कपाटातून तुमच्या जुन्या वह्या काढल्या. दोन वर्षांपूर्वी तुम्ही धंदा माझ्या हाती दिलात, तेव्हा त्या वह्यांमधली नावे, पत्ते आणि फोन नंबर मी संगणकात उतरवून घेतले होते. मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, पाईप लोखंडी की प्लास्टिकचा, टाकी किती लिटरची, हेही घेतले होते. पण प्रत्येक नावाच्या उजव्या कोपऱ्यात तुम्ही पेन्सिलीने काहीतरी लिहिलेले असे, आणि ते अनेकदा खोडून पुन्हा लिहिलेले असे. "सोम पहाटे", मग ते खोडून "बुध दुपार", मग पुन्हा दुसरे काही. ते जुने झाले असेल असे समजून मी गाळले होते. ते त्या घरी पाणी सुटण्याचे वार आणि वेळा होत्या. पाळी बदलत राहते म्हणून तुम्ही त्या पेनाने न लिहिता पेन्सिलीने लिहीत होता, हे मला फेब्रुवारीतल्या त्या रात्री समजले. मी सगळी वही उतरवली आणि नेमके तेवढे सोडून दिले, याचे मला फार वाईट वाटले.

आपल्या गावात प्लंबरची वेळ गिऱ्हाईक ठरवत नाही आणि प्लंबरही ठरवत नाही. उजनीहून शंभराहून अधिक किलोमीटर पाईपमधून येणारे पाणी, टाकळीहून येणारे भीमेचे पाणी आणि हिप्परग्याच्या तलावाचे पाणी, असे तीन ठिकाणांहून येऊनही ते घरोघरी काही दिवसांआडच पोहोचते. वाटेत जलवाहिनी फुटली किंवा वीज गेली की ठरलेली पाळी आणखी पुढे सरकते. ज्या शहरात नळाला रोज पाणी असते, तिथे प्लंबर आज आला नाही तर उद्या येतो आणि गिऱ्हाईक थोडे रागावते. आपल्याकडे एक दिवस हुकला तर काही दिवसांचा हौद हुकतो. म्हणून वेळ पाळणे ही आपल्याकडे चांगल्या वागणुकीची बाब नाही, तो कामाचाच भाग आहे, आणि काम घेताना मी तो भाग विसरले होते.

आता आलेला प्रत्येक फोन मी आधी दोन प्रकारांत घालते. फेरूल (मुख्य जलवाहिनीवरचा घराच्या नळाचा जोड), रस्त्याकडून येणारा पाईप, हौद भरला की पाणी बंद करणारा फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे हौदाच्या अलीकडची सगळी कामे पाणी येण्याच्या दिवशीच लावते, कारण दाब असल्याशिवाय दोष दिसत नाही आणि दुरुस्ती झाली की नाही हेही कळत नाही. गच्चीवरची टाकी, तिच्यातून उतरणारे पाईप, बाथरूममधले गरम-थंड पाण्याचे मिक्सर नळ ही कामे मी पाळीच्या आदल्या दिवशी घेते. तेव्हा टाकी जवळजवळ रिकामी झालेली असते, म्हणून साठवलेले पाणी ओतून द्यावे लागत नाही, आणि सीपीव्हीसी म्हणजे प्लास्टिकच्या पाईपच्या जोडाला लावलेले चिकटवण्याचे सोल्युशन पाणी चढण्यापूर्वी रात्रभर वाळते. पूर्वी आपले जे जोड पुन्हा गळाले, त्यांतले बरेच घाईने लगेच पाणी सोडल्यामुळे गळाले होते, हे तुम्हीच मला शिकवले आहे.

आलेले काम मी परत पाठवते, त्याचेही कारण हेच. एकाच पहाटे साखर पेठेत आणि होटगी रोडला पाणी असेल आणि माझ्याकडे दोनच माणसे असतील, तर तिसऱ्या घराला मी "येते" म्हणत नाही. "या पाळीला जमणार नाही, पुढच्या पाळीला पहिला नंबर तुमचा, आणि तोपर्यंत थांबणे शक्य नसेल तर दुसऱ्या कारागिराला जरूर बोलवा," असे स्पष्ट सांगते. काही लोक नाराज होऊन फोन ठेवतात. परंतु कित्येक जण पुढच्या पाळीसाठी थांबतात, आणि "निदान तुम्ही खरे सांगितले" असे म्हणतात.

नळाला थेट मोटर जोडून द्या, असे सांगणारे फोन उन्हाळा लागला की वाढतात. त्यांना मी तुमच्यासारखेच नाही म्हणते. ते महापालिकेच्या नियमात बसत नाही, शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढले जाते आणि पाईपला कुठे भेग असेल तर बाहेरची घाणही आत खेचली जाते. यावर मी अधिक लिहीत नाही, तुम्हाला सगळे माहीत आहे.

आता जाहिरातीविषयी. सुरुवातीला मी चूक केली, हे कबूल करते. गिऱ्हाइके मिळवून देतो म्हणणाऱ्या एका कंपनीला मी वर्षभराचे पैसे आगाऊ भरले. एकच चौकशी ते एकाच वेळी अनेक प्लंबरना पाठवत. मी फोन करीपर्यंत त्या माणसाला चौघांचे फोन येऊन गेलेले असत आणि तो वैतागलेला असे. ते पैसे गेले. त्यानंतर जे केले त्यातले बहुतेक फुकट आहे. गुगलवर आपल्या दुकानाची नोंद करायला पैसे पडत नाहीत. तिथे मी दुकानाची खरी वेळ, आपण करतो ती कामे आणि आपण करत नाही ती कामेही मराठीत लिहिली आहेत, आणि घरमालकांना विचारून आपल्याच कामांचे फोटो लावले आहेत. दादा म्हणत होता की नातेवाइकांकडून आणि त्याच्या कार्यालयातल्या मित्रांकडून पाच-पाच तारे लिहून घेऊ. त्याचा हेतू चांगला आहे, पण ज्यांच्या घरी आपण पान्हा लावलेला नाही त्यांनी आपल्या कामाचे कौतुक लिहावे, हे मला पटत नाही, आणि गुगलच्या नियमांतही ते बसत नाही. सूट देऊन शेरा लिहून घेणेही तसेच. काम झाल्यावर आठ दिवसांनी मी प्रत्येक घरी फोन करते, पाणी आले तेव्हा जोड कोरडा राहिला का, एवढेच विचारते, आणि हो म्हणाले तर जे अनुभवले ते लिहा अशी विनंती करते.

हा आठ दिवसांनंतरचा फोन मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तेवढ्यात एखादी पाळी होऊन गेलेली असते, म्हणजे जोडाची खरी परीक्षा झालेली असते. मिक्सर मंद थेंब थेंब गळत असेल तर लोक त्यासाठी आपणहून फोन करत नाहीत, बादली लावून ठेवतात. पण सेकंदाला एक थेंब म्हटले तरी दिवसाला वीस-पंचवीस लिटर पाणी जाते, आणि चार दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात तेवढ्यात एका माणसाची आंघोळ होते. हे हिशेबाने सांगितले की त्यांना पटते आणि मुलगा जाऊन फुकट वॉशर बदलून येतो.

दुसरी जाहिरात म्हणजे पट्ट्या. काम संपल्यावर मी घरातल्या प्रत्येक व्हॉल्व्हला एक लहान प्लास्टिकची पट्टी बांधते: "हौदाकडून येणारा", "टाकीकडून स्वयंपाकघराकडे", "टाकीकडून बाथरूमकडे", आणि मोटरच्या बटणाशेजारी आपला नंबर चिकटवते. गच्चीवर चिकटवलेले कागद पहिल्याच एप्रिलच्या उन्हात गळून पडले, म्हणून आता सगळे सावलीत लावते. मागच्या महिन्यात रात्री अकरा वाजता रेल्वे लाईन्समधल्या एका आजोबांचा फोन आला. बाथरूमचा पाईप फुटला होता. मी त्यांना पट्टी वाचून कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा ते सांगितले, टाकीतले पाणी वाचले, आणि सकाळी जाऊन काम केले. त्यानंतर त्यांच्या गल्लीतल्या तीन घरांनी नुसत्या पट्ट्या बांधून घेण्यासाठी बोलावले.

दराचा फलक लावल्याचे तुम्हाला आवडले नाही, हे मला माहीत आहे. माणूस पाहून दर सांगण्यात तुमची दया होती. गरिबाकडून तुम्ही कमी घेत होता. पण मी बाई आहे आणि दर सांगितला की घासाघीस सुरू होते, आणि ज्याला घासाघीस जमत नाही त्याला जास्त पडते. फलकामुळे सगळ्यांना सारखे पडते. पाहणीचे दीडशे रुपये, काम दिले तर ते मजुरीतून वजा, सामानाचे बिल दुकानाचे जसेच्या तसे. विडी कामगार बायकांच्या घरी मी पाहणीचे पैसे घेत नाही, ते फलकावर लिहिलेले नाही, पण तुमची ती पद्धत मी मोडलेली नाही.

आता आई, तुझ्याविषयी. वह्या चाळताना काही पानांवर तुझे अक्षर दिसले. बाबा कामावर असताना घरच्या फोनवर येणारे निरोप तू लिहून ठेवत होतीस. प्रत्येक निरोपात त्याच तीन गोष्टी आहेत: हौदात पाणी किती उरले आहे, पाणी पुन्हा कधी सुटणार, आणि गळती हौदाच्या अलीकडे आहे की पलीकडे. मी दोन वर्षे धडपडून ज्या तीन प्रश्नांपर्यंत आले, ते तू स्वयंपाक करता करता विचारत होतीस, आणि ते काम होते असे आपण कोणीच कधी म्हटले नाही. पूर्व भागातल्या कितीतरी घरांमधून म्हाताऱ्या बायका फोन करतात आणि तक्रार तेलुगूत सांगतात. मला अर्धे कळते. तू माहेरी शेजारणींकडून शिकलेल्या तेलुगूत त्यांच्याशी अर्धा अर्धा तास बोलत असायचीस, ते मला आठवते. परवा दत्तनगरच्या एका आजींनी "अम्मा कुठे आहेत?" असे विचारले, तेव्हा त्या तुझ्याविषयी विचारत आहेत हे कळायला मला क्षणभर लागले.

पाणी येण्याच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ या वेळात माझे हात ओले असतात आणि नेमके तेव्हाच सर्वांत जास्त फोन येतात. न उचललेला फोन दुसऱ्या नंबरवर वळवण्याची सोय आहे. बाबांच्या गुडघ्याला पुण्याच्या डॉक्टरांनी अजून काही महिने जिने चढू देऊ नयेत असे सांगितले आहे, म्हणजे तुम्ही दोघे दादाकडेच असणार. तुझी इच्छा असेल तर ते तीन तास फोन तुझ्याकडे वळवावा, असे मी ठरवले आहे. तू तुझे तीन प्रश्न विचारायचे आणि व्हॉट्सॲपवर मला आवाजात निरोप पाठवायचा. लिहिण्याची गरज नाही. जे काम आज होणार नाही त्यांना तूच नाही सांगायचे, कारण तुझ्या तोंडून आलेले नाही लोक ऐकून घेतात. या कामाचा पगार महिन्याच्या पाच तारखेला तुझ्या स्वतःच्या खात्यात जमा होईल. तो घेणार नाहीस असे म्हणू नकोस, बाहेरची बाई ठेवली असती तर मी तिला दिलाच असता.

बाबा, तुमच्याकडे एकच मागणे आहे. वहीत काही नावांपुढे पेन्सिलीने वर्तुळ आणि त्यात टिंब आहे. बाळीवेशीत आठ आहेत, मोदी भागात तीन. त्याचा अर्थ मला लागलेला नाही. मी त्या पानांचे फोटो दादाच्या फोनवर पाठवत आहे. शनिवारी पहाटे बाळीवेशीत पाणी आहे, त्यामुळे शुक्रवारी रात्रीपर्यंत सांगितलेत तर बरे होईल.

तुमची लेक