रजिस्टरातली आमची ओळ दाखवणाऱ्या मॅडमना

मॅडम, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. खिडकीवर पाटी नव्हती, आणि माहीत असतं तरी इथे लिहिलं नसतं, कारण सरकारी नोकरीत कौतुकाचाही त्रास होतो म्हणे, माझे सासरे पंचायतीत होते ते सांगायचे. तालुकाही लिहीत नाही. वाचलंत तर तुम्हाला कळेलच मी कोण ते. मागच्या वर्षी गणेश चवथीच्या थोडं आधी पिवळा रेनकोट घालून तुमच्या नोंदणी कचेरीत लग्नाच्या दाखल्याची कॉपी मागायला आलेली, आणि रेनकोट काढताना तुमच्या टेबलावर सगळं पाणी शिंपडलेली, ती मी.

मी आता स्विंडनला आहे, नवऱ्याबरोबर. येऊन फार दिवस नाही झाले, अजून सकाळी डोळे उघडले की आधी फोन चाचपते, रात्रीत त्याचा मेसेज आलाय का बघायला, आणि तो बाजूलाच घोरत पडलेला असतो. मग मीच हसते.

हे पत्र तुमच्यासाठीच आहे पण गोव्याबाहेरचेही कोणी वाचतील म्हणून थोडं मागचं सांगते. माझ्या सासऱ्यांचा जन्म १९६१ च्या आधीचा, पोर्तुगीज राजवटीतला, त्यामुळे त्यांची आणि मग मुलाची जन्मनोंद पोर्तुगालात करता आली आणि माझ्या नवऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आला. लिस्बन त्याने आजपर्यंत बघितलेलं नाही आणि 'ओब्रिगादु' सोडून भाषा येत नाही. पण ब्रिटन युरोपियन युनियनमध्ये होतं तेव्हा त्या पासपोर्टवर सरळ इंग्लंडला जाता यायचं, तसा तो २०१६ ला स्विंडनला गेला, वेअरहाउसमध्ये लागला. आमच्या वाड्यावरची निम्मी तरणी पोरं तशीच गेली. मी गोव्यातलीच, पण भारतीय पासपोर्टवाली, कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका औषध कंपनीत केमिस्ट. आमचं ठरलं, २०२० च्या मे महिन्यातला मुहूर्त निघाला आणि मार्चमध्ये काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. विमानं बंद, हॉल बंद. विमानं सुरू व्हायला लागली तर ब्रिटनने २०२१ च्या एप्रिलमध्ये भारताला प्रवासबंदीच्या रेड लिस्टमध्ये टाकलं. शेवटी तुळशीचं लग्न झाल्यावर, डिसेंबर २०२१ ला, आमच्या डोक्यावर अक्षता पडल्या. रजा संपली तसा तो परत गेला आणि मी सासूबरोबर त्याच्या घरी राहायला लागले. गंमत बघा, ज्याचं गाव तो कागदोपत्री परदेशी, आणि लग्न होऊन आलेली मी त्या गावात राहून त्याच्या आईची बीपीची गोळी सांभाळतेय.

मग पणजीतला कन्सल्टंट. त्याचं नाव घेत नाही, पण त्याच्याबद्दल थोडं लिहिल्याशिवाय तुम्ही काय केलंत ते कळणार नाही. एसी ऑफिस, भिंतीवर बिग बेनचा फोटो, आल्या आल्या कॉफी. पहिला प्रश्न, लग्न कधी झालं? मी म्हटलं डिसेंबर २०२१. म्हणाला, मग ब्रेक्झिटनंतरचं, स्पाउस व्हिसा, नवऱ्याचा पगार दाखवावा लागेल. झालं. पाच मिनिटांत आमची केस ठरली. दाखला त्याने घेतला, स्कॅन केला, फाइलला लावला. वाचला मात्र नाही.

२०२२ मधलं गणित मला झोपेत विचारलं तरी सांगेन. नवऱ्याला ताशी ९.५० पौंड, आठवड्याला साडेसदतीस तास, वर्षाचे ५२ आठवडे, म्हणजे १८,५२५. बायकोला आणायला लागायचे १८,६००. पंच्याहत्तर पौंड कमी! सात हजार रुपयांच्या आसपास, चवथीला आमच्या घरात गणपतीवर बांधायची फळापानांची माटोळी आणि फटाके मिळून याहून जास्त जातात. माझा पगार होता की, पण तो मोजत नाहीत, बाहेरून येणाऱ्या बायकोची तिच्या देशातली कमाई त्या हिशोबात शून्य. रिजेक्ट. व्हिसाची फी गेली ती गेली, कन्सल्टंटची पण गेली.

२०२३ ला तिथली मजुरी वाढली, नवरा मर्यादेच्या वर गेला, आणि हा बाबा म्हणतो घाई नको, सहा महिन्यांच्या स्लिपा एकदम परफेक्ट होऊ दे. मग फाइल 'यूकेच्या पार्टनरकडे' गेली, मग पार्टनर सुट्टीवर गेला, मग ख्रिसमस. डिसेंबरमध्ये तिकडच्या सरकारने मर्यादा वाढवणार म्हणून जाहीर केलं ते मी त्याला स्वतः पाठवलं, त्यावर अंगठ्याचा इमोजी. ११ एप्रिल २०२४ ला मर्यादा २९,००० पौंड झाली. त्या वर्षीची कमीत कमी मजुरी ताशी ११.४४, आठवड्याला चाळीस तास घासलं तरी वर्षाचे चोवीस हजारसुद्धा होत नाहीत. नाहीतर ८८,५०० पौंड बँकेत ठेवून दाखवा म्हणे. ज्याच्याकडे एवढे बँकेत आहेत तो रात्रपाळीला बॉक्स कशाला उचलेल हा साधा प्रश्न कोणाला पडला नसेल का? आणि कन्सल्टंट? त्याचे उरलेले पैसे देईपर्यंत माझा ओरिजिनल दाखला परत देईना. म्हणून मी तुमच्या खिडकीवर आले.

मी तुम्हाला फक्त कॉपी मागितलेली. तुम्ही अर्ज बघितलात, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "घोव खंय आसा?" मी म्हटलं स्विंडन. "आनी तूं हांगाच?" म्हणजे नवरा तिकडे आणि मी इथेच कशी. मग मी ते पाठ झालेलं सगळं म्हणून दाखवलं, ब्रेक्झिट, पगार, आमचं लग्न २०२१ चं असल्यामुळे वगैरे. तुम्ही काहीच बोलला नाहीत. उठून आत गेलात. मला वाटलं गेल्या, आता जेवणाची सुट्टी संपल्यावरच येणार.

आलात ते रजिस्टर घेऊन. केवढं मोठं, कडा खाल्लेल्या, पाठीला कापड लावलेलं. मला दारातून आत बोलावलंत, तुमच्या खुर्चीवर बसवलंत, मागचा माणूस "कितें चल्लां मॅडम" करून ओरडायला लागला त्याला हातानेच गप्प केलंत. पानं उलटून एका ओळीखाली स्टीलची फूटपट्टी धरलीत आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलंत. मार्च २०२०. पहिला आठवडा. तो फेब्रुवारीत रजेवर आला होता तेव्हा आम्ही पहिली सही केली होती आणि जाण्याआधी दुसरी, आपल्याकडे सगळेच करतात तशी, मंडपाच्या आधीची एक कामाची गोष्ट म्हणून. सह्या करून आम्ही बाहेर गाड्यावर रोस ऑम्लेट खाल्लं होतं, त्याला कोणी लग्न म्हटलं नव्हतं.

तुम्ही म्हणालात, "लग्न तुमचें हांगा जालां. मांटवांत जालें तें जेवण." म्हणजे कायद्याने आमचं लग्न त्या दुसऱ्या सहीलाच लागलं होतं. आणि मग, "म्हज्या भाच्याचें अशेंच जाल्लें. तुज्या घोवाक सांग, तारीक पळय."

३१ डिसेंबर २०२० पर्यंत लग्न झालेलं असेल आणि नवरा त्याआधीपासून तिथे राहत असेल तर बायकोला जुन्या युरोपियन हिशोबाने येता येतं, पगार दाखवायचा नाही, अर्जाला फी नाही. एसीतल्या माणसाला हे माहीत नव्हतं, किंवा माहीत असून फुकटच्या अर्जात त्याला काही सुटणार नव्हतं, देव जाणे. तुम्हाला तुमच्या भाच्यामुळे माहीत होतं.

पण मी पत्र लिहितेय ते तारखेसाठी नाही. तारीख आज ना उद्या कोणीतरी दाखवली असती, असं मी मनाला सांगते. मी लिहितेय ते त्याच्या पुढच्या अर्ध्या मिनिटासाठी. त्या ओळीत त्याची सही होती, शेवटच्या अक्षराची शेपटी खालच्या रेघेत गेलेली, त्याखाली माझी, नवीन पेन म्हणून जरा जास्तच नीट काढलेली, साक्षीदारात माझ्या मामाची थरथरती. मामा २०२१ च्या मे महिन्यात कोविडमध्ये गेले. आणि मला एकदम रडू फुटलं, साधं नाही, हुंदके देऊन. तुम्ही आधी काय केलंत तर रजिस्टर माझ्या पुढ्यातून ओढून घेतलंत. "रडूं नाका गो बाये, पान भिजतलें." आणि मग पर्समधून घडी केलेला रुमाल काढून माझ्या हातात दिलात.

आधी पान, मग मी. घरी येऊन सांगितलं तर सासू हसून हसून लोटपोट, म्हणाली सरकारी बाई ती सरकारीच. पण मला ते तसं वाटलं नाही हो. इतकी वर्षं मी आमचं लग्न खरं आहे हे दाखवत फिरत होते. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट, व्हिडिओ कॉलचे फोटो, बोर्डिंग पास, त्याने वाढदिवसाला पाठवलेल्या घड्याळाची पावती, सगळ्याला तारीख घालून, क्रमाने लावून. एकदा कन्सल्टंट म्हणाला, फोटोत जरा जवळ उभे राहिला असता तर बरं झालं असतं. आणि तुम्ही ती ओळ अशी वाचवलीत की जणू त्यावर कोणाची शंका असूच शकत नाही, फक्त तिला पाणी लागता कामा नये. तुम्हाला आम्ही नवरा-बायको आहोत हे पटवून द्यावं लागलं नाही, तुमच्याच पुस्तकात लिहिलेलं होतं.

पुढचं काही विशेष नाही. अर्ज आम्ही दोघांनीच केला, नवऱ्याच्या रात्रपाळीतल्या एका मित्राने मदत केली. काही महिने गेले. परमिट आलं. सासूला नणंदेकडे ठेवून मी निघाले, कुळीथाचं पीठ, सोलं आणि तिचे आशीर्वाद घेऊन, तीनही कस्टममधून सुटले.

मॅडम, एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. आमच्याच वाड्यावर एक मुलगी आहे, माझ्याहून लहान, तिचं चर्चमधलं लग्न कोविडमुळे पुढे ढकललं आणि जानेवारी २०२१ मध्ये लागलं. नवरा साउथॉलला. तिची मुलगी आता बोलायला लागलीय, बापाला फोनमधला पप्पा म्हणते. तिच्यासाठी कुठल्या रजिस्टरात दुसरी तारीख नाही, मी तिच्यासाठी विचारून बघितलं. आणि इथे केअर होममध्ये काम करणारी एक केरळची बाई भेटली, ती लोकांच्या आईबापांना आंघोळ घालते, जेवण भरवते, पण ११ मार्च २०२४ नंतर आली म्हणून तिला नवऱ्याला आणि मुलाला आणायची परवानगीच नाही, पगार कितीही असो. माझं काम झालं म्हणून नियम चांगला झाला असं मी म्हणणार नाही. पंच्याहत्तर पौंडांनी ज्याने आमची मधली वर्षं खाल्ली तो नियम अजून तसाच आहे, उलट जाडा झालाय.

आणि आपण सगळे सरकारी कचेरीला शिव्या घालतो, मीही घालते, त्या दिवशी सकाळी बसमध्येही घालत होते. पंख्याचा खडखडाट, पावसाचा वास, धूळ. पण आमच्या कागदाकडे ज्याने खरोखर बघितलं ते माणूस त्या पंख्याखाली बसलेलं निघालं आणि ज्याला बघायचे पैसे दिले होते त्याने बघितलं नाही. तुमच्याकडे दिवसभर किती लोक येत असतील, जन्माचे दाखले, तेओर (नोंदीची अख्खी नक्कल), स्पेलिंगच्या चुका, पासपोर्टच्या घाईत ओरडणारे. त्या गर्दीत एका ओल्या रेनकोटवालीला "तूं हांगाच?" असं विचारायची तुम्हाला काही गरज नव्हती. कॉपी देऊन "पुढचा" म्हटलं असतंत तरी तुमचं काम चोख झालं असतं. दाखल्याच्या फीच्या वर मी काही देऊ केलं तेव्हा तुम्ही ज्या नजरेने बघितलंत ती मी विसरणार नाही, परत तसलं कोणाला विचारायची हिंमत होणार नाही.

रुमाल माझ्याकडेच राहिलाय, निळ्या काठाचा. धुवून ठेवलाय. नवऱ्याला ऑफिसात येऊन पेढे द्यायचे आहेत, त्याला म्हटलं बॉक्स घेतील की नाही शंका आहे, आधी विचारू.

माझ्या नणंदेची पहिली सही जानेवारीत आहे, मुलगा मडगावचा, पासपोर्ट दोघांचेही भारतीयच, निदान ती एक काळजी नाही. त्या दिवशी खिडकीवर तुम्हीच असा. साक्षीदार म्हणून आम्ही दोघं येणार आहोत.

तुमची,
पिवळ्या रेनकोटवाली