पंप न मोजता केलेले ऊर्जा लेखापरीक्षण कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातील ‘कार्बनमुक्त सोसायट्या’ हा लेख वाचला. जुन्या इमारतींचा विषय पहिल्यांदाच एवढ्या जागेत आला, त्याबद्दल आभार. पण लेखात छायाचित्र गच्चीवरच्या सौर पॅनेलचे, कौतुक पॅनेलचे आणि आकडे सगळे रुपयांत. ऊर्जा लेखापरीक्षणाला, म्हणजे वीज कुठे किती खर्च होते याच्या तपासणीला, जेमतेम दोन वाक्ये मिळाली आहेत, आणि तीही ‘अहवाल घेऊन दिवे बदलावेत’ अशा अर्थाची. याच समजुतीमुळे आज सोसायट्यांच्या कपाटात निरुपयोगी अहवाल साठत आहेत, म्हणून हे पत्र.

ठाण्यातील शंभरेक सदनिकांच्या एका सात मजली सोसायटीचा असाच एक अहवाल माझ्यासमोर आहे. रंगीत आलेख भरपूर. जिन्यात एलईडी आधीच लागलेले असताना ‘एलईडी लावा’ ही शिफारस आहे. पाण्याच्या पंपाला मात्र एकच ओळ: ‘१० एचपी, स्थिती समाधानकारक, व्हीएफडी बसवावा.’ (व्हीएफडी म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण.) सोसायटीच्या कॉमन, म्हणजे सामाईक वापराच्या मीटरवरचा सर्वांत मोठा खर्च बहुधा पंपाचाच असतो. त्यावर एकही मोजमाप नाही आणि शिफारस तर साफ चुकीची.

पंप मोजायला महागडी उपकरणे लागत नाहीत. दुपारी वापर कमी असताना वरच्या टाकीचा खाली जाणारा व्हॉल्व्ह बंद करा, पंप चालू करा आणि घड्याळ लावा. समजा टाकी आतून ४ मीटर बाय ३ मीटर आहे आणि पाणी ३६ मिनिटांत १ मीटर चढले. म्हणजे १२ घनमीटर पाणी आले, तासाला २० घनमीटर. डिलिव्हरीच्या, म्हणजे पंपातून वर जाणाऱ्या पाइपवर दाब दाखवणारा प्रेशर गेज बसवा. तो ४.२ किलो दाखवत असेल तर ते ४२ मीटर धरा. गेजपासून खालच्या टाकीतील पाण्याची पातळी ३ मीटर खोल असेल तर एकूण हेड, म्हणजे पंपाला जितक्या उंचीइतका जोर लावावा लागतो ती उंची, ४५ मीटर. २० गुणिले ४५ गुणिले ९.८१, भागिले ३६०० केले की उत्तर येते सुमारे २.४५ किलोवॉट. पाणी वर न्यायला प्रत्यक्षात एवढेच काम झाले. आता स्टार्टरवर पॉवर मोजणारा क्लॅम्प मीटर लावा. नुसता अँपिअर दाखवणारा नको, कारण पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) कळल्याशिवाय किलोवॉट निघत नाहीत. मीटर ७.५ किलोवॉट दाखवत असेल तर मोटार आणि पंप मिळून कार्यक्षमता ३३ टक्के. चांगल्या, योग्य निवडलेल्या संचाला ५५ ते ६० टक्के मिळायला हरकत नाही.

इथपर्यंत आलेला लेखापरीक्षकही बरेचदा ‘पंप बदला’ म्हणून मोकळा होतो. तेही अर्धेच काम. सात मजली इमारतीत खालच्या पाण्यापासून वरच्या टाकीच्या तोंडापर्यंतची प्रत्यक्ष उंची ३० मीटरच्या आसपास भरते. मग ४५ मीटर हेड आले कुठून? उरलेले १५ मीटर पाइपातल्या घर्षणात जातात. तासाला २० घनमीटर पाणी ५० मिमीच्या जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपमधून ढकलले की वेग सेकंदाला २.८ मीटर होतो. त्यात आतला गंज, जागोजागचे काटकोनी एल्बो, खालच्या टाकीतील पाइपच्या तोंडाशी असलेला, अर्धा बुजलेला फुटव्हॉल्व्ह आणि पूर्ण न उघडणारा गेट व्हॉल्व्ह. तोच उभा पाइप ६५ मिमीचा केला, एल्बोंच्या जागी लांब वळणाचे बेंड घातले, फुटव्हॉल्व्ह साफ केला तर हेड ३६ मीटरपर्यंत उतरू शकते. त्या हेडला ५८ टक्के कार्यक्षमतेचा संच ३.४ किलोवॉटमध्ये तेवढेच पाणी चढवेल. रोज ४ तास पंप चालत असेल तर वर्षाला ६,००० युनिट वाचतात. विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर ही बचत ४ टनांहून अधिक.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी पाइप, मग पुन्हा मोजणी, मग पंप. आधी ४५ मीटरचा पंप घेतला आणि वर्षभराने पाइप बदलला, तर नवा पंप त्याच्या पाणी-हेड आलेखाच्या उजव्या टोकाला जाऊन, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त पाणी ढकलून, जास्त वीज ओढतो, मोटार तापते आणि प्लंबर व्हॉल्व्ह आवळून ठेवतो. आवळलेल्या व्हॉल्व्हवर वाया जाणारी वीज मग कोणत्याच अहवालात दिसत नाही. पंप घेताना दुकानदाराला एचपी सांगू नये. तासाला किती पाणी आणि किती मीटर हेड हे सांगावे आणि कंपनीचा आलेख मागून त्या बिंदूवरची कार्यक्षमता पाहावी. तीन-चार वेळा रिवाइंडिंग झालेली मोटारही नव्या पंपाला जोडू नये.

व्हीएफडीची शिफारस का चुकीची, तेही सांगतो. वरची टाकी भरणाऱ्या पंपापुढे ३० मीटरची उंची कायम असते. वेग कमी केला की पंपाचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो. एका मर्यादेखाली पाणी वर पोहोचतच नाही, पंप आतल्या आत पाणी घुसळून गरम करत राहतो. जिथे मागणी दिवसभर बदलते, म्हणजे थेट नळांना दाबाने पाणी देणारी यंत्रणा, मोठ्या कार्यालयातील थंड पाण्याचे पंप, कूलिंग टॉवरचे पंखे, तिथे व्हीएफडी उत्तम. टाकी भरायला नाही. तरीही तो जवळपास प्रत्येक अहवालात सापडतो, कारण जुन्या अहवालावरून नवा तयार केलेला असतो.

लिफ्टचेही तसेच. सात मजल्यांच्या लिफ्टला वीज परत देणारा महागडा ड्राइव्ह सुचवतात, पण केबिनमधला दिवा आणि पंखा रिकाम्या लिफ्टमध्ये २४ तास चालू असतो, तो आपोआप बंद करणारा टायमर कुणाला सुचत नाही.

आता पॅनेल. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे, ते जरूर घ्यावे. पण महाराष्ट्रात १ किलोवॉट पॅनेल वर्षाला साधारण १,४०० युनिट देते. वरच्या उदाहरणात पंपाकडे पाहिलेच नाही तर सव्वाचार किलोवॉटची पॅनेल्स केवळ पाइपातला गंज आणि जुन्या पंपाची उधळपट्टी पोसण्यासाठी विकत घेतली जातात. शिवाय घाईत पॅनेलचे पाय गच्चीच्या कोब्यात ड्रिल मारून बसवतात, आणि पहिल्याच पावसाळ्यात वरच्या मजल्यावर गळती. आधी वॉटरप्रूफिंगचे काम संपवावे, मग वाऱ्याच्या भाराचा हिशेब करून काँक्रीटच्या वजनी ठोकळ्यांवर सांगाडा उभा करावा. पॅनेल खालून पुन्हा कोबा करायचा म्हणजे सगळा सांगाडा उतरवावा लागतो.

लेखातील सर्वांत खटकलेली गोष्ट म्हणजे बिलातली बचत हीच कार्बनची बचत मानली आहे. मंजूर भार कमी केला की स्थिर आकार घटतो. कपॅसिटर लावून पॉवर फॅक्टर सुधारला की मोठ्या ग्राहकाचे बिल उतरते. दोन्ही करावे. पण भार कागदावर कमी केल्याने धूर अजिबात कमी होत नाही, आणि कपॅसिटरने वायरींमधला नुकसानीचा थोडा भागच वाचतो. युनिट कमी झाले तरच कार्बन कमी झाला. तेव्हा अशा यशोगाथा छापताना कामाच्या आधीच्या १२ महिन्यांचे आणि नंतरच्या १२ महिन्यांचे कॉमन मीटरचे युनिट शेजारी शेजारी छापावेत, ही विनंती. मधल्या काळात किती सदनिका नव्याने भरल्या, टँकर किती आले, विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगचे किती पॉइंट वाढले, हेही सांगावे, नाहीतर तुलना फसते.

कायद्याचाही आधार तोकडा आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. २०१८ ची इको निवास संहिता ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या निवासी बांधकामासाठी आली. २०२२ च्या दुरुस्तीने निवासी इमारतींना कायद्यात आणले, पण वीस-तीस वर्षे उभ्या असलेल्या सोसायटीने पंप मोजावा असे तिला कुणी बंधनकारक केलेले नाही. तिला जे काही कळते ते वर्तमानपत्रातूनच.

जाता जाता एसीच्या गॅसबद्दल. जुना एसी काढताना मेकॅनिक नट सैल करून गॅस सरळ हवेत सोडतात, यावर लेखात एक शब्द नाही. दीड टनाच्या एसीत साधारण १ किलो गॅस असतो. जुन्या एसींतल्या आर-२२ या गॅसचा १ किलो म्हणजे सुमारे १.८ टन कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम, जवळपास अडीच हजार युनिट विजेएवढा. आर-४१०ए हा दुसरा गॅस त्याहून वाईट. एसी दुसऱ्या खोलीत हलवायचा असेल तर तो कूलिंगवर चालू ठेवून बाहेरच्या युनिटचा बारीक पाइपचा व्हॉल्व्ह ॲलन कीने बंद करायचा, गेजवरचा दाब शून्याजवळ आला की जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच एसी बंद करायचा. जवळजवळ सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्येच राहतो. पाच मिनिटांचे काम आहे. भंगारात देताना मात्र गॅस यंत्राने सिलिंडरमध्ये काढून घ्यावा लागतो, आणि एसी बदलून देणाऱ्या विक्रेत्याकडे ते यंत्र आहे का, हे ग्राहकाने ऑर्डर देण्यापूर्वीच विचारायला हवे.

आपला,
एक ऊर्जा लेखापरीक्षक, ठाणे