घड्याळ बघून सफाई नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम पाठोपाठ येतात, म्हणून हे पत्र आत्ताच लिहीत आहोत. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या फाउंड्रींत आणि चिकोडी-अथणीकडच्या कारखान्यांत भट्टी, बॉयलर, वीजमीटर यांवर लक्ष ठेवणारी सॉफ्टवेअर बसली आहेत. तिथल्या नोंदी मुख्य सर्व्हरवर कधी पाठवायच्या आणि जुन्या कधी पुसायच्या, ही दोन वेळापत्रकं मात्र अनेक ठिकाणी पहिल्या दिवशी होती तशीच राहतात. नोंदी हरवतात त्या इथंच.

पुसणं टाळता येत नाही, हे आधी मान्य करू. दर 10 सेकंदांनी वाचन म्हटलं की एका मापाच्या दिवसाला 8,640 नोंदी होतात. 200 मापांच्या 17,28,000. इंडेक्ससकट (शोध जलद करणारी सूची) एक नोंद 100 बाइटची धरली, तर रोज सुमारे 173 एमबी. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या एक्स्प्रेस या मोफत आवृत्तीला (2022 पर्यंतच्या) एका डेटाबेसमागे 10 जीबीची मर्यादा आहे. दोनेक महिन्यांत ती गाठली जाते आणि नवी नोंद घेणंच थांबतं.

आमचा आक्षेप आहे तो पलीकडे नक्कल पोहोचली की नाही हे न बघता, केवळ वेळ झाली म्हणून पुसण्याला. झॅबिक्स या देखरेखीच्या सॉफ्टवेअरचं उदाहरण घ्या. डिस्कवर नोंदी साठवणारा त्याचा प्रॉक्सी (नोंदी गोळा करून पुढे पाठवणारा मधला प्रोग्रॅम) मुख्य सर्व्हरशी संपर्क तुटला, तर न पाठवलेल्या नोंदी मूळ सेटिंगप्रमाणे फक्त 1 तास सांभाळतो. पावसाळ्यात खानापूर भागात चार तास इंटरनेटची लाइन गेली, की त्यातले तीन तास कायमचे गेले. ‘प्रॉक्सीऑफलाइनबफर’ ही किंमत तासांत असते आणि 720 पर्यंत वाढवता येते. डिस्कवर जागा असेल तर निदान 168, म्हणजे एक आठवडा, ठेवावी.

एसक्यूएल सर्व्हरच्या ट्रान्झॅक्शनल रेप्लिकेशनमध्ये (एका डेटाबेसमधला प्रत्येक बदल दुसरीकडे उतरवण्याची सोय) धोका याहून मोठा आहे. तिथं न पोहोचलेले बदल सांभाळण्याची, म्हणजे वाटपाची, मूळ मुदत 72 तासांची. दिवाळीत ऑफिसचा मुख्य सर्व्हर चार दिवस बंद ठेवला आणि शॉपमधले (कारखान्यातले) मीटर चालूच राहिले, तर जोडणी निष्क्रिय होते. मग घाईघाईनं ती नव्यानं सुरू केली जाते. मूळ सेटिंग तसंच असेल तर या वेळी मुख्य सर्व्हरवरचं टेबल काढून टाकलं जातं आणि शॉपमधल्या टेबलावरून नवं भरलं जातं. शॉपमध्ये 30 दिवसांच्याच नोंदी उरल्या असतील, तर वर्षाचा इतिहास त्या एका क्लिकमध्ये जातो. म्हणून सुट्टीआधी मुदत वाढवा, आणि जोडणी पुन्हा सुरू करण्याआधी मुख्य टेबलाचा बॅकअप घ्या.

दुसरी चूक म्हणजे नक्कल हाच संग्रह समजणं. शॉपमध्ये पुसलेली ओळ रेप्लिकेशन इमानदारीनं पलीकडेही पुसतं. संग्रह हवा असेल तर ‘डिलीट’ पाठवणं बंद ठेवावं लागतं; पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या लॉजिकल रेप्लिकेशनमध्ये पब्लिकेशन (काय पाठवायचं ते ठरवणारी व्याख्या) करतानाच तसं सांगता येतं.

आम्ही सुचवतो तो क्रम असा. शेवटची पाच मिनिटं सोडून, नोंदींच्या वाढत्या क्रमांकानं दर 15 मिनिटांनी नक्कल. रात्री दोन वाजता दोन्हीकडची दिवसवार संख्या, पहिला-शेवटचा क्रमांक आणि मूल्यांची बेरीज ताडून पाहणं. जुळलं तरच तो दिवस एका छोट्या टेबलात ‘पडताळला’ असा नोंदवायचा. सफाई साडेतीनला, पण तिनं ते टेबल वाचूनच पुसायचं. तिथं ‘पडताळला’ अशी नोंद नसेल तर काहीही न पुसता फोरमनला संदेश द्यायचा. मध्यरात्री बाराची वेळ नको, बॅकअप आणि रिपोर्टही तेव्हाच लागलेले असतात. स्वस्त विजेसाठी रात्री भट्टी चालवणाऱ्यांनी तर ‘रात्री सगळं शांत असतं’ हे गृहीतच धरू नये, आपल्या हीटच्या (धातू वितळवण्याच्या) वेळा बघून तास निवडावा.

सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे) असेल तर साडेतीनची सफाई आपल्याकडे सकाळी नऊला, ऐन पहिल्या पाळीत सुरू होते. हे आधी तपासा.

एका दमात लाखो ओळी पुसू नका. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका आदेशात सुमारे 5,000 लॉक (ओळींना लागणारी तात्पुरती कुलपं) झाले की पूर्ण टेबलच अडकू शकतं आणि नव्या नोंदी ताटकळतात. 4,000 च्या तुकड्यांत, मध्ये दोन सेकंद थांबून पुसा. वेळेच्या रकान्यावर इंडेक्स नसेल तर प्रत्येक तुकड्यासाठी सगळं टेबल चाळलं जातं, आणि तीच सफाई सकाळपर्यंत लांबते. वर्षानुवर्षं साचलेल्या नोंदींची पहिली मोठी सफाई हंगाम सुरू होण्याआधीच उरकावी. गाळप चालू असताना तिला हात लावू नये.

एक विनंती मालकांना आणि संचालकांना. सुट्टीत कोणता सर्व्हर बंद करायचा नाही आणि लाइन गेल्यावर कुणाला कळवायचं, हे मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहून सर्व्हरच्या कपाटावर चिकटवा. रात्रपाळीतला माणूस इंग्रजी मॅन्युअल उघडत नाही.

आपले,
देखरेख प्रणालींचं काम करणारे काही तंत्रज्ञ, उद्यमबाग, बेळगाव