दळणाचा हिशेब

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "बाबा, आता दूध-दहीपण बंद," आणि मी नुसतं "बरं" म्हणून फोन आईकडे दिला. ते "बरं" रागाचं नव्हतं. गिरणी चालू होती, समोर चार दळणं खोळंबली होती, त्या आवाजात काय बोलणार? आईचं मात्र अजून पुरतं पटलेलं नाही. रात्री विरजण लावताना म्हणाली, "पोरगी बेंगळुरूला गेली आणि ताकाला मुकली."

दुधापायी रेडकाचे हाल होतात, असं तू जे सांगितलंस त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. शेजारच्या गोठ्यात रेडकू फार दिवस दिसत नाही, हे मलाही दिसत होतं. विचारलं कधी नाही, एवढंच. तेव्हा दूध का सोडलंस यावर आपला वाद नाही. पण गहू तुला सोडावा लागला तेव्हा घर मिळून तो सांभाळला. दूध तू आपणहून सोडलंस, तर त्याच्या जागी काय येतं ते तुलाच बघायला हवं. मी इथून मांडून देतो.

तुला नववीतलं आठवत असेल. लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढेना, पोट फुगलेलं, उंची थांबलेली. शेवटी रक्ताची तपासणी, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा, आणि कागदावर सीलिअ‍ॅक. गव्हातलं, जवातलं आणि राय नावाच्या धान्यातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्याचं अस्तर खातं, हे मला तेव्हा कळलं. तीस वर्षं गहू दळणाऱ्या माणसाला! गावात हसू झालं ते वेगळंच.

पण खरी गंमत पुढे. गहू घरातून गेला, तू ज्वारीची भाकरी खात होतीस, तरी सहा महिन्यांनी तपासणीचा आकडा खाली येईना. डॉक्टरांनी विचारलं, पीठ कुठून आणता? मी छाती काढून म्हणालो, स्वतःच्या गिरणीतून. ते माझ्याकडे बघत राहिले. मग माझंच माझ्या लक्षात आलं. गव्हाच्या दळणानंतर दगडांच्या खाचांत, चाळणीत, नळीत किती पीठ अडकतं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक? चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम गव्हाच्या पिठात साधारण अर्धा ग्रॅम ग्लुटेन. ते पाच किलो ज्वारीत मिसळलं तर किलोला १०० मिलिग्रॅम झालं. आपल्याकडे पाकिटावर "ग्लुटेन-फ्री" छापायला किलोला २० मिलिग्रॅमच्या आत लागतं. तुझी भाकरी मीच बिघडवत होतो. त्या आठवड्यात घरघंटी घेतली, आणि तेव्हापासून तिच्यात गव्हाचा दाणा गेलेला नाही. बाजारच्या ज्वारीत गहू मिसळलेला असू शकतो, म्हणून ती निवडायला आई बसते. गिरणीतून आल्यावर मी कपडे बदलून मगच स्वयंपाकघरात येतो, ते तू पाहिलंच आहेस.

हे सगळं सांगतोय कारण तिकडे तुझ्याबरोबरच्या मुली पोळ्या करतात. तुझा तवा, पोळपाट, चाळणी वेगळी ठेव. त्यांना वाईट वाटलं तर माझं नाव सांग. हिंगाची डबी वाचून घे. बांधानी हिंगात बऱ्याचदा मैदा असतो, आणि सांबारापासून लोणच्यापर्यंत हिंग कुठे नाही? भाजणी आणि मेतकूट आपल्या रीतीने केलं तर त्यात गहू आलाच. तुझ्यासाठी आई बिनगव्हाचं वेगळं करते, बाहेरचं घेऊ नको. तिथली रवा इडली तर तुला दोन्हीकडून बंद, रव्यात गहू आणि भिजवायला दही. आणि आता व्हीगन, म्हणजे जनावरापासूनचं काहीच न खाणारी, झालीस म्हणून मैत्रिणी सोया चाप खाऊ घालतील. त्यात सोयाबरोबर मैदा असतो. मांसासारखं लागणारं जे काही डब्यात मिळतं त्यातलं बरंचसं गव्हाच्या ग्लुटेनचंच केलेलं असतं. व्हीगन लिहिलंय म्हणजे तुला चालतं असं नाही. ओट्सचं दूधही तसंच. ओट्स बऱ्याचदा गव्हाबरोबर पिकतात, दळले जातात.

आता दुधाचं. पेलाभर दुधात साधारण ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तेवढं १०० ग्रॅम नाचणीत मिळतं, म्हणजे दोन भाकऱ्यांत. यात तुझं नशीब चांगलं, नाचणी खावी तर कर्नाटकात. रागी मुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा, खायला शीक. गिळायची असते म्हणतात, चावायची नाही. नाचणीला मोड आणून दळली तर तिच्यातलं कॅल्शियम अंगी जास्त लागतं, म्हणून यावेळी मोडाचीच पाठवतोय. तीळ सालासकट खा. ते पांढरेशुभ्र सोललेले तीळ दिसायला छान, पण कॅल्शियम सालीबरोबर गेलेलं असतं.

भाकरी नुसत्या चटणीशी खायची तुझी सवय मला माहीत आहे. ती मोड. ज्वारीच्या प्रथिनात जे कमी आहे ते डाळीच्या प्रथिनात आहे, म्हणून आपल्याकडे भाकरीबरोबर आमटी, पिठलं, मटकीची उसळ असते. पिठल्याचं बेसनही घरघंटीचंच वापर. उसळीवर लिंबू पिळ, त्याने लोह शोषलं जातं. आणि जेवण झाल्या झाल्या चहा नको, तासभर थांब. चहा आता काळाच पीत असशील, तोही लोहाच्या आड येतो. मीठ आयोडीनचं साधं घे. ते गुलाबी सैंधव फोटोत बरं दिसतं, पण दुधातून येणारं आयोडीनही आता तुझं बंद झालं आहे.

इथपर्यंतचं सगळं माझ्या हातातलं आहे, पिठाच्या डब्यातून पाठवता येतं. एक गोष्ट मात्र मी दळून देऊ शकत नाही. बी-१२ जीवनसत्त्व. ते जंतू तयार करतात, आणि आपल्याला मिळतं ते जनावराच्या दुधातून, अंड्यातून, मांसातून. नाचणीत नाही, मोडांत नाही, स्पिरुलिना नावाच्या शेवाळाच्या हिरव्या गोळ्यांत आहे म्हणतात तेही अंगी लागणारं नाही. यकृतात साठा असतो, तो काही वर्षं पुरतो, म्हणून सहा महिने झाले, मला काही झालं नाही, असं तू म्हणशील. नववीत तुझं आतडंच बिघडलेलं होतं, तेव्हा तुझा साठा किती भरलाय, देव जाणे. आणि यात एक फसवणूक आहे. पालेभाज्या, डाळी भरपूर खाणाऱ्याच्या अंगात फोलेट, म्हणजे बी गटातलंच दुसरं जीवनसत्त्व, भरपूर असतं, त्यामुळे बी-१२ कमी पडलं तरी रक्त बराच काळ ठीक दिसतं. आतून नसा बिघडत असतात. तळपायाला मुंग्या येईपर्यंत थांबलीस तर सगळं भरून येईलच असं नाही. गोळी डॉक्टरांना विचारून चालू कर आणि वर्षातून एकदा बी-१२, फेरिटिन (लोहाचा साठा), डी जीवनसत्त्व आणि सीलिअ‍ॅकची तपासणी एकत्रच कर. पैसे मी पाठवतो, ते कारण नको.

गोळी घेताना वेष्टण विचार. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं म्हणजे जनावराचं असू शकतं, गोळीत भर म्हणून दुधाची साखरही घालतात. डी-३ बहुतेक मेंढीच्या लोकरीच्या चरबीतून काढतात. व्हीगन डी-३ शैवाकापासून मिळतं, आपल्या दगडफुलाच्या भाईबंदांपासून. हे वाचून मला फार बरं वाटलं. पण गोडा मसाला खाऊन ते मिळेल असं समजू नको.

आईने तुझ्यासाठी उकड ताकाऐवजी आमसुलाच्या पाण्यात करून बघितली. मला आवडली. ती म्हणते आंबट कमी आहे. सोलकढी तर मुळातच तुझी आहे, नारळाच्या दुधाची.

आज रात्रीच्या ट्रॅव्हल्सने डबे पाठवले आहेत. निळ्या झाकणाचा ज्वारीचा, पिवळ्याचा नाचणीचा, छोटा बाजरीचा. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडू होतं म्हणून ते थोडंच दिलंय, ते आधी संपव. उकडीची कृती चिठ्ठीवर लिहून नाचणीच्या डब्यात ठेवली आहे. रिकामे डबे धुऊन परत पाठव, मागच्या वेळचे दोन अजून तुझ्याकडेच आहेत.

तुझा,
बाबा

ता. क. गोळी चालू केलीस की गोळ्यांच्या पट्टीचा फोटो पाठव. मला नाही, आईला. ती विचारणार नाही, पण वाट बघेल.