समुद्रतळाच्या मॅगनीजबद्दल, मॅगनीजच्या गावातून

मा. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्री महोदय,

स. न. वि. वि.

मी भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात राहते आणि शाळेत भूगोल शिकवते. आमच्या गावातून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरी हे पत्र समुद्राबद्दल आहे. हिंदी महासागराच्या तळाशी पडलेले खनिजाचे जे काळे गोळे वर काढायची तयारी तुमच्या खात्यात चालू आहे, त्यातल्या धातूंत सगळ्यात मोठा वाटा मॅगनीजचा आहे, आणि मॅगनीज आमच्या घरात माझ्या जन्माच्या आधीपासून आहे.

माझी आई खाणीवर दगड निवडायच्या कामाला होती. नुसता हातात तोलून ती सांगायची, हा मॅगनीज, हा टाकाऊ. घरी येऊन हातपाय धुतले तरी नखांच्या कडा काळ्याच राहायच्या. त्या मजुरीवर मी शिकले. म्हणून खाण नकोच, असं मी म्हणणार नाही. डोंगरी बुजुर्ग, चिखला, कांद्री, मनसर, गुमगाव ही नावं आमच्याकडे भाकरीची नावं आहेत.

पण खाणीच्या शेजारी राहणं म्हणजे काय, तेही आम्हाला ठाऊक आहे. खाण खोल गेली तशी आमची विहीर होळीच्या आधीच तळ दाखवू लागली. एका पावसाळ्यात डम्पावरून, म्हणजे खाणीच्या टाकाऊ ढिगावरून, काळा गाळ वाहत येऊन आमच्या धानाच्या बांधीत बसला. रोवणी झालेली होती, सगळे रोप त्याखाली गेले. वडिलांनी पाटीपाटीनं गाळ उचलला, तरी पुढची दोन वर्षं त्या बांधीत धान धड आलं नाही. भरपाई मिळाली नाही. पण गाळ डोळ्यांना दिसत होता, साहेबाला बांधावर उभं करून दाखवता आला.

समुद्रात हाच गाळ उठणार आहे. गोळे उचलणारं यंत्र तळाचा वरचा थर खरवडत जाणार, त्याचा ढग पाण्यात पसरणार आणि दूरवर जाऊन बसणार. तिथले स्पंज आणि प्रवाळ पाणी गाळून जगतात, ते त्याखाली गुदमरणार. पाच किलोमीटर खोल अंधारात कोण कोणाला बांधावर उभं करणार?

मंत्री महोदय, भारतानं या कामाला घाईनं हात घातला, असा माझा आरोप नाही. उलट अभिमानाची गोष्ट आहे. १९८१ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजानं पहिले गोळे वर आणले. १९८७ मध्ये भारताची या क्षेत्रातला अग्रणी गुंतवणूकदार म्हणून नोंद झाली. मध्य हिंदी महासागरातलं ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र आपल्याकडे शोधासाठी आहे. २०२१ मध्ये ४,०७७ कोटींचं डीप ओशन मिशन, म्हणजे खोल समुद्राची मोहीम, मंजूर झालं. त्यातल्या ‘मत्स्य ६०००’ पाणबुडीचं चित्र माझ्या वर्गातल्या मुलांनी भिंतीवर काढलं आहे. तीन माणसं सहा हजार मीटर खाली जाणार, हे सांगताना मलाही भरून येतं.

आता हिशेब मांडते, शेतकऱ्याच्या पद्धतीनं, क्विंटलात. सरकारी अंदाज ३८ कोटी टन गोळ्यांचा. त्यात मॅगनीज ९.२६ कोटी टन, निकेल ४७ लाख, तांबं ४३ लाख, कोबाल्ट साडेपाच लाख. म्हणजे एका क्विंटलमागे मॅगनीज चोवीस किलो, निकेल सव्वा किलो, तांबं एक किलोच्या थोडं वर आणि कोबाल्ट दीडशे ग्रॅमही नाही. ही सगळी खटपट मुख्यतः निकेल आणि कोबाल्टसाठी आहे, हे उघड आहे. बॅटरीला ते लागतात आणि आपण ते बाहेरून आणतो. ती गरज खरी आहे.

पण उरलेल्या सत्तर-पंचाहत्तर किलोचं काय? गोळे जहाजावरून कुठल्या तरी बंदरात उतरणार, कारखान्यात ते विरघळवले जाणार आणि उरलेल्याचा ढीग जमिनीवरच लागणार. समुद्रातून खनिज आणलं म्हणून डम्प समुद्रात राहत नाही. तो कोणाच्या गावाशेजारी लागणार, ही गोष्ट मिशनबद्दलच्या एकाही भाषणात मी ऐकली नाही. आमच्याकडे हा प्रश्न सगळ्यात आधी सुचतो.

गुमगावच्या डम्पाची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या उजाड मॅगनीज ढिगावर साखर कारखान्याची मळी टाकली, मुळांना धरून राहणारे जिवाणू दिले, झाडं लावली आणि ती जगली. हे होऊ शकलं, कारण मळी ट्रकनं नेता येते, पाणी घालता येतं, मेलेल्या रोपाच्या जागी दुसरं लावता येतं.

समुद्रतळाशी यातलं काहीच नाही. तो गोळा नुसतं खनिज नाही, चिखलाच्या त्या विस्तारात तेवढीच एक कठीण जागा असते. त्याला धरून कितीतरी जीव राहतात. गोळा उचलला की बूडच गेलं. आणि नवा गोळा वाढतो तो दहा लाख वर्षांत काही मिलीमीटर! हे वर्गात फळ्यावर लिहिते तेव्हा मुलं गप्प होतात. मीही होते.

१९८९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूच्या बाजूला समुद्रतळावर नांगरासारखं अवजार फिरवून पाहिलं. गोळे काढले नाहीत, फक्त नांगरलं. २६ वर्षांनी परत गेले तर नांगराचे तास जसेच्या तसे. आमच्याकडे नांगरट एका पावसात मिटते.

असा प्रयोग आपणही केला आहे. १९९७ मध्ये ‘इंडेक्स’ या नावानं, आपल्याच क्षेत्रात, तीन किलोमीटर लांब आणि दोनशे मीटर रुंद पट्ट्यात तळ ढवळून पाहिला. भारतीय शास्त्रज्ञांनी खाणकामाच्या कितीतरी आधी हा प्रश्न विचारला, हे फार मोठं काम आहे.

माझी विनंती तिथूनच सुरू होते. देशांच्या हद्दीबाहेरच्या समुद्रतळाचे परवाने देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी झालेला २००२ चा शोधकरार दोन मुदतवाढी घेत २०२७ पर्यंत आला आहे. पुढचा कागद करण्याआधी त्या १९९७ च्या पट्ट्यावर पुन्हा जा. ‘मत्स्य’ची पहिली फेरी गोळे मोजायला नको, तिथं काय परतलं आणि काय नाही ते बघायला जाऊ द्या. जे दिसेल त्याची छायाचित्रं आणि आकडे मराठीसह सगळ्या भारतीय भाषांत लोकांपुढे ठेवा. ढीग कुठं लागणार, तेही त्याच कागदात लिहा. आणि ही उत्तरं येईपर्यंत भारत खाणकामाचा अर्ज करणार नाही, असं जमैकातल्या किंग्स्टनला, त्याच प्राधिकरणात उभं राहून सांगा. तीसहून अधिक देशांनी तिथं ‘थांबा’ म्हटलं आहे. इतकी वर्षं संशोधन केलेल्या देशाचा शब्द त्यात मिसळला तर त्याला वजन येईल.

संशोधनाचा पैसा कमी करू नका, वाढवा. गोव्याच्या आणि चेन्नईच्या संस्थांत जीवशास्त्राची माणसं वाढवा. गोळा उचलणारं यंत्र बनवायला जेवढी माणसं आहेत, निदान तेवढी तरी त्या गोळ्यावर बसलेल्या जीवाला नाव द्यायला असावीत.

आई आता थकली आहे. मागच्या आठवड्यात तिला हे सगळं समजावून सांगितलं. तिनं विचारलं, “तिथं निवडायला कोण बसते?” मी म्हटलं, कोणीच नाही, यंत्र सरसकट उचलतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मंत्र्याले लिही.”

म्हणून लिहिलं. उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
तुमसर तालुक्यातील एक शिक्षिका
जि. भंडारा