पिकअप निवडताना आधी दाराच्या चौकटीवरची पट्टी वाचावी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ट्रेलर ओढण्यासाठी हेवी-ड्यूटी डिझेल पिकअप नवी घ्यावी की वापरलेली, या विषयावरचा लेख आपल्या दैनिकात नुकताच वाचला. अमेरिकेत राहणाऱ्या आणि घोडे, बोट, शेतीची अवजारे किंवा राहण्याची सोय असलेला ट्रेलर घेऊन फिरणाऱ्या मराठी कुटुंबांना हा विषय उपयोगाचा आहे, आणि तो मराठीत मांडल्याबद्दल लेखकाचे आभार मानतो. मात्र लेखातील दोन सल्ल्यांविषयी माझा ठाम मतभेद आहे. ज्या गाडीचा ओढण्याचा आकडा सर्वांत मोठा ती घ्यावी, हा पहिला सल्ला. पैसे कमी असतील तर जुनी गाडी घेऊन तिची धूरनियंत्रण यंत्रणा काढून टाकावी, हा दुसरा. यांतला पहिला अपुरा आहे आणि दुसरा चुकीचा आहे.

पहिल्या सल्ल्याची किंमत मी स्वतः मोजलेली असल्यामुळे सुरुवात तिथूनच करतो. काही वर्षांपूर्वी मी पाऊण टनी म्हटल्या जाणाऱ्या वर्गातली, म्हणजे फोर्ड एफ-२५०, रॅम २५०० किंवा शेव्हरोले सिल्व्हराडो २५०० यांच्या पंक्तीतली एक वापरलेली डिझेल पिकअप घेतली. गाडी सोळा हजार पौंडांपेक्षा जास्त ओढते, असे विक्रेत्याने सांगितले आणि ते खोटे नव्हते. माझा फिफ्थ व्हील ट्रेलर, म्हणजे ज्याचा पुढचा भाग पिकअपच्या हौद्यातच टेकतो असा मोठा ट्रेलर, पूर्ण भरल्यावर चौदा हजार पौंडांचा होत असे, तेव्हा दोन हजारांची मोकळीक आहे अशा समजुतीत मी होतो. पहिल्याच लांब प्रवासात एका ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर गाडी चढवली, तेव्हा मागच्या आसावरचे वजन मर्यादेबाहेर गेलेले होते आणि गाडीचे एकूण वजनही.

हे कसे झाले, याचा हिशेब साधा आहे. फिफ्थ व्हील ट्रेलरच्या वजनापैकी साधारण वीस टक्के भार पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडण्याच्या सांध्यावर, उभा येतो. चौदा हजारांचे वीस टक्के म्हणजे २,८०० पौंड. त्यात हिचचे दोनशे, आम्हा चौघांचे साडेपाचशे आणि हौद्यातल्या सामानाचे दीडशे मिळवले की ३,७०० पौंड होतात. माझ्या गाडीच्या चालकाकडील दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पिवळ्या-पांढऱ्या पट्टीवर मात्र प्रवासी व सामान मिळून वजन सुमारे २,१०० पौंडांपेक्षा जास्त होऊ नये, असे स्पष्ट छापलेले होते. ती पट्टी दार उघडताना रोज माझ्या डोळ्यांसमोर येत होती. ओढण्याचा आकडा शाबूत होता आणि गाडी मात्र वाहण्याच्या मर्यादेपलीकडे दीड हजार पौंड लादलेली होती.

डिझेल गाडीत हा पेच अधिक तीव्र असतो, कारण डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनापेक्षा कित्येकशे पौंडांनी जड असते आणि तो भार गाडीच्या एकूण अनुज्ञेय वजनातूनच वजा होतो. पाऊण टनी वर्गातल्या कित्येक गाड्यांचे हे अनुज्ञेय वजन दहा हजार पौंडांवर थांबवलेले असते, कारण त्यापुढे व्यावसायिक वापराचे नियम आणि काही राज्यांतील नोंदणीचे नियम बदलतात. त्यामुळे चार दारांची, चारचाकी चालन असलेली, चामडी आसनांची आणि भल्यामोठ्या इंजिनाची गाडी पुष्कळदा त्याच कंपनीच्या साध्या पेट्रोल गाडीपेक्षा कमी वजन वाहते. एक टनी वर्गातली, म्हणजे ३५० किंवा ३५०० या आकड्याची गाडी बाहेरून जवळपास तशीच दिसते, नवी घेतल्यास किमतीत फार फरक पडत नाही, आणि मागे प्रत्येक बाजूला एकच चाक असले तरी तिच्या पट्टीवर बहुधा साडेतीन ते चार हजार पौंड आढळतात. जोडचाकांची, म्हणजे मागे प्रत्येक बाजूला दोन चाके असलेली गाडी त्याहून पुढे जाते, पण ती शहरात उभी करणे हा रोजचा व्यायाम आहे. मागच्या बंपरखाली जोडायच्या साध्या ट्रेलरचा हिशेब निराळा आहे. तिथे दहा ते पंधरा टक्के भार हिचवर येतो, म्हणून नऊ हजार पौंडांच्या प्रवासी ट्रेलरला चांगली पाऊण टनी गाडी पुरते, पण तीही काठोकाठच.

म्हणून क्रम असा असावा असे मला वाटते की ट्रेलर आधी ठरवावा, तो पाणी, अन्न, बिछाने यांसह पूर्ण भरून वजनकाट्यावर न्यावा, आणि मग त्या विशिष्ट गाडीची, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या गाडीची नव्हे, पट्टी वाचावी. एकाच वर्षाच्या, एकाच नावाच्या दोन गाड्यांच्या पट्ट्यांत हजार पौंडांचा फरक असू शकतो. माहितीपत्रकातला सर्वोच्च आकडा बहुधा सर्वांत हलक्या, दोन दारांच्या, जोडचाकांच्या आवृत्तीचा असतो, आणि ती आवृत्ती घरगुती ग्राहक क्वचितच घेतो.

पुढचा प्रश्न नवी की वापरलेली हा आहे, आणि इथे लेखकाने गाड्यांची वर्षे सरसकट एका तराजूत टाकली आहेत. डिझेल पिकअपच्या बाजारात मॉडेलच्या नावापेक्षा इंजिनाचे वर्ष अधिक बोलते. फोर्डच्या २००३ ते २००७ च्या सहा लिटर इंजिनाचे उदाहरण घ्यावे. त्याचा ऑइल कूलर गाळाने तुंबतो, त्यामुळे एक्झॉस्ट वायू थंड करणारा कूलर फुटतो, आणि दाबाखाली हेडचे बोल्ट ताणले जाऊन गॅस्केट जाते. हे सारे आधीच दुरुस्त केलेले असेल आणि त्याच्या पावत्या असतील तर ते इंजिन चालते, पण पावत्या नसतील तर स्वस्त गाडीची किंमत कार्यशाळेत भरून निघते. त्याच कंपनीचे त्याआधीचे ७.३ लिटरचे इंजिन सावकाश पण चिवट मानले जाते. शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्स या ६.६ लिटर डिझेल इंजिनाच्या २००१ ते २००४ च्या पहिल्या पिढीत इंधन फवारणारे इंजेक्टर इतके निकामी होत असत की कंपनीला त्यांची हमी वाढवावी लागली, तर २००६-०७ ची आवृत्ती आजही शोधून घेतली जाते. रॅममधले ५.९ लिटरचे कमिन्स इंजिन दीर्घायुषी आहे हे खरे, पण १९९८ ते २००२ दरम्यानच्या गाड्यांत इंधन पुढे ढकलणारा लहान पंप अशक्त झाला की महागडा इंजेक्शन पंप इंधनाअभावी मरतो. ही गोष्ट गाडी घेतल्यावर कळली तर उपयोग नाही.

याच ओघात सीपी४ या उच्चदाब इंधनपंपाचा उल्लेख न करणे हा लेखातला सर्वांत मोठा दोष मला वाटतो. हा पंप २०११ पासून फोर्डच्या ६.७ लिटर इंजिनात, २०११ ते २०१६ च्या ड्युरामॅक्समध्ये आणि २०१९ व २०२० च्या रॅममध्ये बसवला गेला. अमेरिकेतल्या डिझेलमधील गंधक २००६ पासून १५ भाग प्रति दशलक्ष इतके खाली आणले गेले. गंधक काढण्याच्या त्याच प्रक्रियेत इंधनाचे नैसर्गिक वंगण कमी होते. हा पंप वंगणासाठी इंधनावरच अवलंबून असल्यामुळे तो झिजला की धातूचा चुरा इंधनातून इंजेक्टरपर्यंत पोहोचतो आणि संपूर्ण इंधनप्रणाली बदलावी लागते, ज्याचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात जातो. प्रत्येक पंप बिघडतो असे नाही, बहुतेक गाड्या वर्षानुवर्षे विनातक्रार चालतात. परंतु रॅमने २०२१ पासून जुना पंप परत आणला आणि आधीच्या गाड्या परत बोलावून पंप बदलले, यातच पुरेसे आले. वापरलेली गाडी घेताना इंधनाचे फिल्टर वेळेवर बदलल्याच्या नोंदी मागाव्यात आणि रॅमच्या बाबतीत परत बोलावणीचे काम झाले आहे का, ते गाडीच्या क्रमांकावरून तपासावे.

विक्रेत्याच्या तोंडी माहितीवर मी आता विसंबून राहत नाही. दुसऱ्यांदा गाडी शोधत असताना एका विक्रेत्याने, ही गाडी कधी ट्रेलर ओढायला वापरलीच नाही, असे मला शपथेवर सांगितले. पण हौद्याच्या तळाशी फिफ्थ व्हील हिचच्या लोखंडी पट्ट्या बसवण्यासाठी पाडलेली भोके रबरी बुचांनी बंद केलेली होती, आणि ती बुचे गाडीच्या मानाने फारच नवी होती. अशा गाडीत धावलेल्या मैलांइतकेच इंजिन चाललेले तास महत्त्वाचे असतात, आणि ते बहुतेक गाड्यांच्या पडद्यावर पाहता येतात. मैलांना तासांनी भागले की सरासरी वेग निघतो, आणि तो अगदीच कमी आला तर गाडी उभी राहून तासन् तास इंजिन चालवलेली आहे, असे समजावे. इंजिन पूर्ण थंड असताना प्रथम सुरू होताना पाहण्याचा आग्रह धरावा. आपण पोहोचण्याआधीच ते गरम करून ठेवलेले असेल तर पुन्हा येतो म्हणून निघून यावे. बर्फाच्या प्रदेशातून आलेल्या गाडीची चौकट मिठाने कितपत खाल्ली आहे, ते खाली वाकून पाहावे. तेलाचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवून त्यातले धातू व शीतकाचा अंश मोजून घेता येतो, आणि चाळीस हजार डॉलरच्या व्यवहारात तो खर्च नगण्य आहे.

आता दुसऱ्या सल्ल्याविषयी. २००७ पासूनच्या गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर आला आणि पुढील काही वर्षांत युरियाच्या द्रावणाने नायट्रोजनची ऑक्साइड्स कमी करणारी यंत्रणाही आली. या यंत्रणा त्रासदायक आहेत, हे मी नाकारत नाही. फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी इंजिनाला सलग काही वेळ गरम राहावे लागते, आणि केवळ बाजारहाटासाठी पाच-पाच मैल फिरणाऱ्या गाडीत हे काम अर्धवट राहून फिल्टर तुंबतो व इंधन इंजिनाच्या तेलात मिसळते. युरियाचे द्रावण उणे ११ अंश सेल्सिअसला गोठते, म्हणून त्याच्या टाकीला तापक लागतो आणि तोही कधीतरी बिघडतो. परंतु यंत्रणा काढून टाकणे हा अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याचा भंग आहे. अशी गाडी पुढे विकताना अडचण येते, आणि कॅलिफोर्नियात १९९८ व त्यानंतरच्या डिझेल पिकअपांना धूरतपासणी असल्यामुळे तिची तिथे नोंदणी होणेच कठीण. गाडी विकत घेणाऱ्याच्या बाजूनेही हा धोका खरा आहे, कारण आधीच्या मालकाने काढलेली यंत्रणा परत बसवण्याचा खर्च नव्या मालकाच्या माथी येतो. उत्पादकांनाही यातून सुटका मिळाली नाही. रॅमच्या २०१३ ते २०२३ च्या गाड्यांतील इंजिनांबाबत कमिन्सने २०२४ च्या जानेवारीत १६७.५ कोटी डॉलरचा दंड मान्य केला आणि जुन्या गाड्यांतील संगणकप्रणाली विनामूल्य बदलून देण्याची जबाबदारी स्वीकारली. लेखक ज्याला खर्च वाचवण्याची युक्ती म्हणतात, तिच्यामुळे शेजाऱ्याच्या नाकात काजळी जाते, हेही जाता जाता नोंदवतो.

नव्या गाडीच्या बाजूने माझ्या मते सर्वांत वजनदार कारण हमीचे आहे. तिन्ही मोठ्या उत्पादकांनी डिझेल इंजिनावर किमान पाच वर्षे किंवा एक लाख मैलांची हमी दिलेली आहे, आणि ज्या यंत्रणा सर्वाधिक महाग पडतात त्या बऱ्याच अंशी या काळात झाकल्या जातात. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग कमी करणारी सोय), ट्रेलरच्या ब्रेकचे अंगभूत नियंत्रण आणि अनेक गिअरची स्वयंचलित पेटी यांमुळे उतार उतरणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले आहे. कोलोरॅडोत आंतरराज्य महामार्ग ७० वर डिलनपासून आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत सुमारे आठ मैल सात टक्क्यांपर्यंतचा चढ आहे आणि बोगदा ११ हजार फुटांवर आहे. तिथे विरळ हवाही दाबून इंजिनात भरणाऱ्या टर्बोमुळे डिझेल आपली ताकद टिकवून धरते, ही तिची खरी मिरास. परंतु चढापेक्षा उताराने माणसे अधिक घाबरतात आणि ते योग्यच आहे.

असे असले तरी वर्षातून सहा वेळा सपाट प्रदेशात नऊ हजार पौंडांचा ट्रेलर ओढणाऱ्याने आणि उरलेले वर्ष गाडी कामावर जाण्या-येण्यासाठी वापरणाऱ्याने डिझेल घेऊच नये, असे माझे मत आहे. डिझेल इंजिनासाठी नव्या गाडीत साधारण दहा हजार डॉलर अधिक मोजावे लागतात. दहा ते तेरा क्वार्ट तेल, दोन-दोन इंधन फिल्टर आणि युरिया हा खर्च वेगळा. फोर्डचे ७.३ लिटर किंवा जनरल मोटर्सचे ६.६ लिटर पेट्रोल इंजिन त्याला पुरेल आणि पट्टीवरचा वाहण्याचा आकडाही मोठा मिळेल. डिझेल त्याने घ्यावी ज्याचा ट्रेलर जड आहे, ज्याच्या वाटेत डोंगर आहेत आणि ज्याची गाडी प्रत्येक वेळी पुरेशी लांब धावते. अशा माणसाने पहिल्या मालकाने नीट सांभाळलेली, तीन-चार वर्षांची, हमीचा काही काळ शिल्लक असलेली एक टनी गाडी घेतली तर मला ते सर्वांत शहाणपणाचे वाटेल. मी स्वतः अखेर तेच केले.

लेखाबरोबर छापलेल्या तक्त्यात गाडीची किंमत आणि ओढण्याचा आकडा असे दोनच रकाने आहेत. पुढील वेळी त्यात वाहण्याची मर्यादा, इंजिनाची वर्षे आणि इंधनपंपाचा प्रकार हे तीन रकाने वाढवावेत, अशी विनंती करतो.

कळावे,

आपला नियमित वाचक